राहीबाईंचा गोल, माझा शेरा

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका माजी विद्यार्थ्याने भाषण ठोकलं. "बाईंनी माझ्या हातून पाटीवर पहिला गोल काढून घेतला," असं तो म्हणाला आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले. लोकांना वाटलं, बाई किती विनयशील! विनय कसला डोंबलाचा. त्या मुलाला गोल मी शिकवलाच नव्हता. तो शिकवला होता हिवरमाळच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या राहीबाई वर्पे यांनी. त्यांच्याशी मी पुढे कशी वागले, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. मीही इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

१९७१च्या जूनमध्ये मी हिवरमाळला हजर झाले. संगमनेरहून एस.टी.ने नऊ मैल आणि पुढे फाट्यापासून दीड मैल पायी. मी वीस वर्षांची, नगरात वाढलेली, नुकतीच डी.एड. झालेली. वडील कोर्टात कारकून होते, पण वर्षापूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि ते अंथरुणाला खिळले. आई, दोन धाकटे भाऊ आणि वडिलांचं औषध, सगळं माझ्या पगारावर चालायचं. त्यात माझी नेमणूक हंगामी. वरिष्ठांच्या मनात आलं तर एका चिठ्ठीवर घरी बसवतील, अशी.

शाळा दोन वर्गखोल्यांची, आणि पुढच्या पडवीत टेबल मांडून केलेलं ऑफिस. मोठे वर्ग नृसिंह गुरुजींकडे. तेच मुख्याध्यापक. पहिली माझ्याकडे, त्रेचाळीस पोरं. मी ट्रंकेतून एक सुंदर तक्ता आणला होता. लाल गोल, निळा चौकोन, पिवळा त्रिकोण. अक्षराआधी आकार, असं आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. मी तक्ता टांगला, फळ्यावर झोकात गोल काढला आणि म्हणाले, "काढा." पोरांनी पेन्सिली अशा आवळून धरल्या की पहिल्या पाच मिनिटांत निम्म्यांची टोकं मोडली. कुणाचा गोल बटाटा झाला, कुणाचा चौकोन रडकुंडीला आला. एकाने तर पाटीवर थुंकून सगळं बाहीने पुसलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू चूक माझीच. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी मी एका पोराच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडायच्या बेताला आले.

राहीबाई दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, काटकुळ्या, कपाळावर हिरवं गोंदण. म्हणाल्या, "बाई, राग यायचा न्हाई ना? येक सांगू का?"

"सांगा."

"तुमी त्यांला हात फिरवाया सांगता. येवढ्याशा पोराचा हात फिरत न्हाई. पाटी फिरवाया सांगा."

मला आधी काही कळलंच नाही. मग त्या खाली बसल्या, एका पोराला मांडीशी घेतलं आणि त्याच्या करंगळीचं नख पाटीच्या मधोमध टेकवलं. "ही करंगळी हालवायची न्हाई. मेली तरी न्हाई." पेन्सिल अंगठ्यात आणि पहिल्या बोटात. आणि डाव्या हाताने त्या हळूहळू पाटीच फिरवू लागल्या. पेन्सिल जागच्या जागी, पाटी खालून फिरतेय, आणि पाहता पाहता रेघेचं टोक रेघेला येऊन मिळालं. पोराने तोंडाचा आ केला. मीही केला, पण दारामागे जाऊन.

त्या दिवसापासून सकाळचा पहिला तास त्यांचा झाला. कागदोपत्री माझा, खरा त्यांचा. रेघ सरळ कशी यायची? "पेन्सिलीकडं बगायचंच न्हाई रं. जिथं जायाचं तिथं बगायचं." चौकोन कसा काढायचा? "आदी चार खुट्या ठोका. मग दावं बांधा." पोरं चार ठिपके द्यायची आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत दावं बांधत जायची. शेवटची रेघ थोडी अलीकडे थांबली की चौकोन म्हणजे शेळ्यांचं कुंपण असल्यासारख्या राहीबाई ओरडायच्या, "ए, वाडग्याचं तोंड उगडं ऱ्हायलं! शेरडं गेली की समदी!" मग ते पोर जीव तोडून तोंड बंद करायचं. दिवाळीच्या आधी माझ्या त्रेचाळीस पोरांच्या पाट्या तपासनीस साहेबांनी उचलून उचलून पाहिल्या आणि माझ्या नावाने शाबासकीचा शेरा लिहिला. मी "थँक्यू सर" म्हणाले. राहीबाई तेव्हा साहेबांसाठी पाणी घेऊन उभ्या होत्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मलाही वाटलं नाही, हे जास्त वाईट.

त्या पोरांत त्यांची नात होती, कडूबाई. लेकीची दोन बाळं गेली, म्हणून तिसरीचं नाव कडू ठेवलं, म्हणजे तिच्यावर कुणाचा डोळा जाऊ नये. पोर जगली, पण लेकच बाळंतपणात गेली. जावयाने दुसरं लग्न केलं आणि कडू आजीकडे आली. "आमच्या घरातली नावं बगा," राहीबाई हसून म्हणायच्या, "नवऱ्याचं नाव श्रीमंत, घरात दमडी न्हाई. नात कडू, आन् पोर गुळावानी ग्वाड." श्रीमंत वर्पे जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांनी मागे ठेवलं ते दोन एकर मुरमाड रान. दीर भिमाजी शेजारच्याच घरात राहायचा आणि वर्प्यांची जमीन लेकीच्या लेकीला जाणार, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. राहीबाईंचं मात्र पक्कं होतं. "हे दोन येकर कडूच्या नावानं करून मंग मरायचं, बाई. तिला कुनाच्या दारात उबं ऱ्हायाची येळ येऊ नये." हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही.

त्याच हिवाळ्यात वरून फर्मान आलं की गावोगाव प्रौढ साक्षरता वर्ग काढा. वीस जणांना साक्षर करून प्रजासत्ताक दिनाला दाखले वाटा. गुरुजींनी काम माझ्या गळ्यात मारलं. शाळा सुटल्यावर वर्ग भरायचा. सात बाया आल्या, त्यातल्या चार चौथ्या दिवशी गळाल्या. राहीबाई टिकल्या.

आणि मग एक गंमत झाली, तेव्हा मी तिला गंमतच म्हणत होते. राहीबाईंना कुठलंही अक्षर दाखवलं तरी त्या हुबेहूब काढायच्या. माझ्यापेक्षा देखणं. 'ब' म्हणजे त्यांच्या दृष्टीने गोल, त्याच्या पोटात तिरपी रेघ आणि बाजूला टेकू. 'श्री'ला आठ दिवस लागले, पण नवव्या दिवशी असा काढला की तो छापून घ्यावा. पंधरवड्यात त्या स्वतःचं पूर्ण नाव काढू लागल्या. राहीबाई श्रीमंत वर्पे. पण तेच 'ब' दुसऱ्या शब्दात दाखवून "हे काय?" विचारलं की सांगता यायचं नाही. महिनाभर मी डोकं फोडलं. एकदा त्या स्वतःच म्हणाल्या, "बाई, मला ते दिसतं, पर ते माझ्यासंगट बोलत न्हाई. ऱ्हाऊ द्या आता."

मी राहू दिलं. पण रजिस्टरात वीस नावं भरायची होती. परीक्षेचे दोन रकाने होते, लेखन आणि वाचन. राहीबाईंच्या नावापुढे लेखनात मी 'उत्तम' लिहिलं. वाचनाच्या रकान्यापाशी पेन क्षणभर थांबलं. मग लिहिलं, 'समाधानकारक'. वर्गाला कधी न आलेल्यांची नावं धरून वीसपैकी अठरांच्या बाबतीत मी हेच केलं, आणि तालुक्यातल्या माझ्यासारख्या किती जणींनी केलं असेल कोण जाणे. कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं. सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली राहीबाईंनी माझ्या सहीचा दाखला हातात घेतला, कपाळाला लावला आणि सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. भिमाजीनेही वाजवल्या.

त्या वर्षी, म्हणजे बहात्तर साली, पाऊस आलाच नाही. पुढचं लिहायला नको, त्या साली आमच्या जिल्ह्यात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि अर्धा गाव टोपल्या घेऊन तिकडे गेला. त्या तलावाच्या बरोबर खाली राहीबाईंचे दोन एकर होते. आजवर ज्या मुरमाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिथे उद्या पाणी फुटणार होतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही समजत होतं, मग भिमाजीला समजणार नाही का?

जानेवारीत एका सकाळी तो कागद घेऊन राहीबाईंच्या ओट्यावर आला. कडूचं नाव रेशनकार्डात नव्हतं. कार्ड होतं एकट्या राहीबाईंचं, आणि एका माणसाच्या मिलोत दोघी भागवत होत्या. ती तांबडी अमेरिकन ज्वारी, तीसुद्धा पुरत नव्हती. भिमाजी म्हणाला, "वैनी, कडूचं नाव कार्डात घालायचा अर्ज हाय. मीच लिवून आनला." राहीबाईंना बरं वाटलं. दिराला उशिरा का होईना पाझर फुटला, असं वाटलं. त्यांनी सवयीने डावा अंगठा पुढे केला. तर तो म्हणाला, "अंगठा कशापाई? तुमी आता दाखला मिळवल्याली बाई. सही करा की झोकात."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे अंगठा घ्यायचा तर कागद दोन माणसांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात आणि खाली लिहितात, 'वाचून दाखविले, कबूल आहे.' भिमाजीला दोन माणसं नको होती. ज्याला सही येते त्याच्यासाठी कोण वाचतो? राहीबाईंनी पदराला हात पुसले, कागद नीट मांडीवर घेतला आणि सही केली. मला त्यांनी त्याच दिवशी शाळेत येऊन सांगितलंसुद्धा, "बाई, आज पयल्यांदा खऱ्या कागदावर सही केली. हात हालला न्हाई बगा." मी म्हणाले, "शाब्बास." कसला कागद, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मार्चमध्ये भिमाजीने त्या रानात विहीर आखली. राहीबाई धावत गेल्या तेव्हा त्याने थंडपणे सांगितलं की जमीन त्याची आहे. वहिनीने आपला हिस्सा राजीखुशीने दिराला सोडून दिल्याची वर्दी तलाठ्याकडे गेली आहे, खाली सही आहे, नोंद धरली आहे. राहीबाई तिथून तडक शाळेत आल्या. पोरं पाट्या घेऊन बसली होती. त्या दारातच मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझी कडू उगडी पडली."

त्यांची तक्रार मीच लिहिली. 'मी निरक्षर असून मला लिहिता-वाचता येत नाही, मला फसवून सही घेतली आहे.' माझ्याच हाताने, माझ्याच शाईने. खाली त्यांचा अंगठा घेतला. भिमाजी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने राहीबाईंच्या साक्षरतेच्या दाखल्याची सगळ्यांना आठवण करून दिली आणि शाळेचं रजिस्टर मागवा म्हणाला.

चावडीत सुनावणी होती त्या सकाळी नृसिंह गुरुजींनी मला ऑफिसात बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "काय सांगायचं ते सांगा, मी अडवणार नाही. पण रजिस्टर खोटं ठरलं तर पहिली नोकरी तुमची जाईल. मग माझी चौकशी. घरच्यांचा विचार करून बोला." मी म्हणाले, "मी खरं तेच सांगणार." आणि खरोखर तसं ठरवूनच निघाले होते. वाटेत वाक्यही जुळवलं होतं: 'साहेब, शेरा चुकीचा आहे, तो मी दिला आहे.' एवढंच. सोपं वाक्य होतं.

चावडीत तलाठ्याच्या नोंदी तपासणारे सर्कलसाहेब बसले होते. शांत, चष्मेवाले, सावकाशीने बोलणारे. त्यांनी भिमाजीच्या कागदावरची सही बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाले, "मला ही सही लिहिलेली वाटत नाही, काढलेली वाटते." माझ्या मनात आशा लकाकली. हा माणूस आमच्या बाजूचा आहे! साहेब माझ्याकडे वळले. "बाई, दाखला तुमच्या सहीचा आहे. तुमचा शेरा आहे, वाचन समाधानकारक. तुम्ही मला फक्त एवढंच सांगा. या बाईंना वाचता येतं की नाही? येत नसेल तर मी ही नोंद आत्ता रद्द करतो."

इतकं सोपं करून दिलं त्यांनी. दोन शब्द हवे होते, येत नाही. राहीबाई खांबाला टेकून उभ्या होत्या, कडू त्यांच्या लुगड्याला धरून. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला एकदम वडिलांची ती वाकडी झालेली जिवणी दिसली, आई चमच्याने पेज भरवतेय ती दिसली, भावांच्या फीचे कागद दिसले. तोंड उघडलं. बाहेर कुणीतरी बैल हाकत होतं, ते सगळं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "बोला ना, बाई." मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

"सायेब," राहीबाईंचा आवाज आला, "त्या पोरीला कशापाई छळता? मला इचारा की. येतं मला वाचाया."

भिमाजीसुद्धा चमकून बघायला लागला.

"वाचता येतं?" साहेबांनी चष्मा काढला. "मग हा कागद वाचून सही केलीत?"

"व्हय."

"आणि तक्रार?"

"म्हातारपनी बुद्दी फिरली, सायेब. चूक झाली."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं असावं, असं मला आजही वाटतं. पण कबुलीपुढे तेही काय करणार? त्यांनी जबाब लिहून घेतला आणि पुढे केला. राहीबाईंनी पेन घेतलं आणि खाली सही केली, रेघेवर रेघ, एकही थरथर नाही. साहेब कागद उचलून हळूच म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं." ते ऐकून भिमाजी हसला.

दुसऱ्या दिवशी राहीबाई शाळेत आल्या. झाडलं, माठ भरला. तास सुरू झाल्यावर पोरं सवयीने "आजी, आजी" करायला लागली, तर म्हणाल्या, "बाई शिकवतील." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. त्यानंतर त्या पोरांच्या पाटीला शिवल्या नाहीत. मी काही बोलायला गेले की काहीतरी काम काढायच्या. भिमाजीची विहीर एप्रिलभर खणली जात होती. पाणी तिला पुढल्या पावसाळ्यात लागलं, चांगलं गोडं.

जूनच्या सुरुवातीला त्या कडूला घेऊन ऑफिसात आल्या. कोपरगावकडे त्यांची मावसबहीण होती, बागाईतदारांच्या वस्तीवर मोलमजुरी करणारी. तिच्याकडे निघाल्या होत्या. कडूचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. त्याच आठवड्यात माझी कायम झाल्याची ऑर्डर आली होती. ती माझ्याच टेबलावर, कागदांखाली होती. मी दाखला लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'स्थलांतर' लिहिलं. कडू दाराशी उभी राहून आत बसलेल्या पोरांकडे बघत होती.

शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, "राहीबाई, तुम्ही तसं का सांगितलंत?"

त्या रागावलेल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या.

"तुमी गप बसल्या, तवाच समाजलं मला," त्या म्हणाल्या. "जिमीन तवाच गेली हुती, बाई. मंग दोगींचं कशाला जावं?"

मला रडू फुटलं. खुर्चीतून उठून मी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "मी बोलायला हवं होतं हो राहीबाई. मी बोलायला हवं होतं." आणि खरं सांगते, इतकं सगळं होऊनही माझी अशी अपेक्षा होती की त्या आता म्हणतील, जाऊ द्या बाई, नका मनाला लावून घेऊ. आमच्या बाया म्हणतात तसं. शेवटी वय त्यांचं मोठं, मन मोठं, आणि मी पोरगी.

त्यांनी आपले हात हळूच सोडवून घेतले, दाखल्याची घडी घालून कनवटीला खोचली.

"व्हय," त्या म्हणाल्या, "बोलाया पायजे हुतं. म्या लई वाट बगितली."

मग त्यांनी कडूचं बखोट धरलं आणि दोघी फाट्याकडे चालू लागल्या.